६६.७०६

२६ सप्टेंबर २०२३ हा मंगळवार होता आणि अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर आली होती. इंदूरमध्ये घोड्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला या दिवसांत फुरसत नसते, कारण एरवी लग्नसराईत चालणाऱ्या बग्ग्या आणि घोड्या गणपतीच्या मिरवणुकांसाठी आधीच सांगितलेल्या असतात, आणि दिवसाकाठी दोन-तीन तास काम करणारे जनावर ढोल-ताशांच्या गदारोळात रात्र-रात्र उभे राहते. सकाळी सव्वासातला मल्हारगंजाच्या पलीकडून एका जुन्या बग्गीवाल्या काकांचा फोन आला. "ताई, चांदणी पहाटेपासून पाय खणून राहिली आहे. वळून-वळून पोटाकडे बघते, बसते, लगेच उठते. काल संध्याकाळपासून लीद नाही." तीन वाक्यांत त्यांनी निम्मे निदान करून टाकले होते. त्यांचे आजोबा होळकरांच्या पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे होते, घरात मराठी टिकून आहे, आणि घोड्याचे दुखणे नेमक्या शब्दांत सांगण्याची सवयही टिकून आहे.

मी पोहोचले तेव्हा चांदणी कडुनिंबाखाली बांधलेली होती. नऊ वर्षांची पांढरी घोडी, मानेवर आणि काखेत घाम, नाकपुड्या फुललेल्या. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते, तिची ५६ भरली. हिरडी बोटाने दाबून सोडली, तर दोन सेकंदांत परतायला हवा तो गुलाबी रंग परतायला तीन सेकंद लागले. डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावल्यावर घोड्याच्या पोटात सतत चालणारी गुरगुर जवळपास ऐकूच येईना. हातमोजा चढवून आतून तपासले, तेव्हा मोठ्या आतड्याच्या वळणापाशी घट्ट मळलेल्या कणकेसारखा गोळा हाताला लागला. काकूंना विचारल्यावर कारण उलगडले. दोन रात्री घोडी मंडपापाशी बांधलेली होती, गोंगाटात तिने पाण्याला तोंड लावले नव्हते, आणि घरी आल्यावर भुकेने पुष्कळसा कोरडा भुसा खाल्ला होता.

घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथला स्नायूचा पट्टा इतका आवळलेला असतो, की पोट फुगून फाटायची वेळ आली तरी वाट उघडत नाही. म्हणून नाकातून लांब नळी घालून ती जठरापर्यंत न्यावी लागते आणि आधी आत काही साचले आहे का, ते पाहावे लागते. काहीच साचलेले नव्हते, हा मोठा दिलासा होता. त्याच नळीतून कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट दिले, शिरेतून वेदनाशामक दिले, फांदीला सलाइनच्या बाटल्या टांगल्या. यापुढे वाट पाहायची होती, अधूनमधून तिला हाती धरून चालवायचे होते, आणि वेदना वाढली तर महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात हलवायचे होते. दोन भेटी पुढे ढकलून मी तिथेच बसले.

त्याच वेळी चीनमध्ये हांगचौजवळच्या टोंगलू येथे एशियाड खेळांतील ड्रेसाजची सांघिक स्पर्धा चालू होती. भारताच्या चमूत चौघे होते: कोलकात्याचा अनुष अगरवाला आणि त्याचा घोडा एट्रो, मुंबईचा हृदय छेडा आणि केमएक्सप्रो एमराल्ड, जयपूरची दिव्यकृती सिंह आणि ॲड्रेनलिन फिरफोड, आणि आमच्या इंदूरची सुदीप्ती हजेला आणि चिन्स्की. घोड्याचे नाव स्वाराच्या नावाला जोडून घ्यावे, असा माझा आग्रह आहे, कारण या खेळात गुण दोघांच्या एकत्र कामाला मिळतात. सकाळपासून मी फोनवर गुण पाहत होते, आणि काकांची दहावीतली धाकटी मुलगी शाळेला दांडी मारून घोडीच्या उशाशी बसली होती, तीही माझ्या खांद्यावरून पाहू लागली.

काकांनी विचारले, की हे ड्रेसाज म्हणजे घोडा नाचवणेच ना. प्रश्न अगदी रास्त होता, कारण त्यांच्या घरात तीन पिढ्या घोड्या नाचवल्या गेल्या आहेत. मी त्यांना सांगितले, की ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशा आखलेल्या मैदानात कडेला अक्षरांच्या पाट्या असतात, आणि कोणत्या अक्षरापाशी कोणती चाल सुरू करायची, कुठे बदलायची, हे आधीच ठरलेले असते. स्वाराने ते सारे पाठ केलेले असते. घोडा ठरल्या जागी दुडकी चालीत अंग लांबवतो, तिरका जाताना पाय पायावरून टाकतो, कँटरमध्ये, म्हणजे तीन ठोक्यांच्या दौडीत, दर चौथ्या आणि मग दर तिसऱ्या ढांगेला पुढचा पाय बदलतो, जवळपास जागच्या जागी अर्धा वळसा घेतो. प्रत्येक हालचालीला पंच शून्य ते दहा गुण देतात आणि त्यांची टक्केवारी काढतात. स्वाराला तोंडाने आवाज करायचीही मुभा नसते. जिभेने टिचकी वाजवली तरी गुण कापले जातात. सारे बोलणे बैठकीतून, पोटरीतून आणि लगामावरच्या बोटांतून व्हायचे असते.

"आवाज नाही?" काकांना ते पटेना. मग मी आपल्याच चौघांपैकी एकाची काही सेकंदांची चित्रफीत त्यांना दाखवली. त्यांनी फोन हातात घेतला, डोळ्यांपासून दूर धरला आणि स्वाराकडे बघितलेच नाही. "कान बघा," ते मुलीला म्हणाले, "एक पुढं, एक मागं. मागचा कान वरच्या माणसाकडं आहे. ऐकून राहिला आहे." मग पडद्यावर बोट ठेवून घोड्याच्या ओठांवरचा पांढरा फेस दाखवत म्हणाले, "आणि जबडा सैल आहे. लगाम तोंडात खेळवतोय. दातांनी धरून ठेवलेला नाही." पुस्तकांत या गोष्टीवर पानेच्या पाने आहेत. घोड्याने लगाम मानला की जबडा सैल होतो, लाळ सुटते आणि मान आपोआप गोल होते. ताणून गोल केलेली मान आणि मानून गोल झालेली मान यांत फरक असतो, आणि तो फरक काकांनी हातभर अंतरावरून, चार बोटांच्या पडद्यावर ओळखला. वरातीतल्या घोडीचे नाचणे पुष्कळदा भीती घालून शिकवलेले असते, हे मी त्यांना पूर्वीही सांगितले होते आणि त्यावर आमचा वादही झाला होता. त्या दिवशी ते त्या विषयावर बोलले नाहीत. चित्रफीत त्यांनी तीन वेळा पाहिली.

दुपारी निकाल लागला. भारत २०९.२०५, चीन २०४.८८२, हाँगकाँग २०४.८५२. सुवर्ण आपले होते. चीन आणि हाँगकाँग यांच्यात ०.०३० इतकाच फरक होता, आणि आपण त्या दोघांच्या चार गुणांहून अधिक पुढे होतो. माझ्या हातात त्या वेळी कोमट पाण्याची बादली होती आणि ती मी खाली ठेवली, एवढेच मला आठवते. अश्वारोहणात भारताला एशियाडचे सुवर्ण त्याआधी मिळाले होते ते १९८२ साली, दिल्लीत. त्या वेळी रघुबीर सिंह यांनी इव्हेंटिंगचे, म्हणजे ड्रेसाज, रानातली दौड आणि अडथळ्यांवरच्या उड्या अशा तिहेरी स्पर्धेचे, वैयक्तिक सुवर्ण जिंकले होते, इव्हेंटिंगचे सांघिक सुवर्णही आपल्याकडे आले होते, आणि रुपिंदर सिंह ब्रार यांनी टेंट पेगिंगमध्ये, म्हणजे धावत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतली मेख उचलण्यात, तिसरे सुवर्ण मिळवले होते. ४१ वर्षांपूर्वी ती सुवर्णे लष्कराच्या स्वारांनी घरच्या मैदानावर आणली होती. या वेळचे चौघे लष्करातले नव्हते, आणि ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण तर भारताने कधीच पाहिलेले नव्हते.

काकूंनी देवापुढची साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. मुलगी मात्र फोन घेऊन बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "ताई, हे बरोबर आहे का? अनुष ७१.०८८, हृदय ६९.९४१, दिव्यकृती ६८.१७६. यांचीच बेरीज २०९.२०५ होते. मग आपल्या सुदीप्तीचे ६६.७०६ कुठे गेले?"

मी तिला नियम सांगितला, की चौघे उतरतात आणि त्यांतल्या उत्तम तिघांचे गुण धरतात. तिचा चेहरा उतरला. म्हणजे इंदूरच्या मुलीचे गुण मोजलेच नाहीत, आणि तरी सगळे शहर तिच्या नावाने आनंद करते आहे, असे तिच्या मनात आले असावे. संध्याकाळपर्यंत मी हेच आणखी दोघांच्या तोंडून ऐकले, आणि त्यांपैकी एकाच्या स्वरात सहानुभूतीपेक्षा हिणवणे अधिक होते. मला ते लागले. मी तिला म्हटले, की चौथा उतरवतात तो घोड्यासाठी. माणूस पडला-झडला तर समजते, पण घोडा सकाळी धड असतो आणि दुपारी लंगडतो, पोटात कळ येऊन घाम फुटतो, कुठेतरी खरचटून रक्ताचा थेंब दिसतो. ड्रेसाजच्या मैदानात घोड्याच्या अंगावर ताजे रक्त दिसले, की जोडी बाद होते, मग तिचे काम कितीही सुंदर झालेले असो. तिघेच उतरवले आणि एक बाद झाला, तर संघच उरत नाही. समोर चांदणी उभी होती. काल दुपारपर्यंत या घोडीला काही झाले होते का, असे मी मुलीला विचारले. तिने मान हलवली, पण हे तिला पटलेले नव्हते, असे मला स्पष्ट दिसले. पदक जिंकून झाल्यावर विम्याचे कौतुक कोणाला वाटत नाही.

दुपारभर घोडीला चालवताना काकांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो माझ्या कामाच्या अधिक जवळचा होता. हे घोडे इथून गेले का? नाही. घोडे युरोपात होते, स्वारही घरदार सोडून तिकडेच राहून सराव करत होते, आणि घोडे तिकडूनच विमानाने चीनला नेले गेले. भारतातून घोडा थेट त्या स्पर्धेला नेणे शक्यच नव्हते. टोंगलूच्या स्पर्धास्थळाभोवती चीनने घोड्यांच्या रोगांपासून मुक्त असा संरक्षित प्रदेश आखला होता, आणि आपल्याकडे ग्लँडर्ससारखे रोग अजून अधूनमधून डोके वर काढतात. ग्लँडर्स जिवाणूंचा रोग आहे, माणसालाही होतो, आणि त्यावर घोड्याला उपचार देत नाहीत. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात सकारात्मक ठरला, की जनावराला वेदना न देता मारावे लागते. २००९ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे. मी असे एक जनावर आयुष्यात पाहिले आहे आणि त्याच्या मालकाचा चेहराही पाहिला आहे. काकांना हे सारे ठाऊक होते, कारण त्यांच्या तिन्ही घोड्यांचे नमुने मीच घेते. आफ्रिकन हॉर्स सिकनेस या घोड्यांच्या जीवघेण्या रोगापासून भारत २०१४ पासून अधिकृतपणे मुक्त आहे, पण एवढ्याने आंतरराष्ट्रीय दार उघडत नाही.

या सुवर्णाबद्दल जे लिहिले गेले, त्यात ही बाजू फार थोडी आली, याचे मला तेव्हा वाईट वाटले होते. आपली मुले परदेशी का राहिली, याचे उत्तर पैसा आणि हौस एवढेच दिले गेले. पैसा लागतोच, तो कोणी नाकारत नाही. पण ज्या देशातून घोडा बाहेर नेता येत नाही, त्या देशाच्या स्वाराला घोड्यापाशी जाऊन राहावे लागते, आणि त्या घोड्याशी ओळख व्हायला वर्षे लागतात. काकांनी पडद्यावर दाखवलेला तो मागे वळलेला कान विकत मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये मीरतच्या लष्करी छावणीतील रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, म्हणजे लष्कराच्या पशुवैद्यक दलाच्या केंद्राला देशातील पहिले अश्वरोगमुक्त क्षेत्र म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा हीच दुपार आठवली, आणि मी काकांना फोन केला.

चारच्या सुमारास चांदणीची नाडी ४८ वर आली. डाव्या कुशीत गुरगुर परतली होती, आधी तुटक, मग सलग. तिने पाय खणणे थांबवले आणि बादलीत तोंड घालून पाणी प्यायले. साडेपाचला तिने शेपूट उचलली. पहिल्या लिदेचे गोळे लहान, काळपट आणि चिकट आवरणात गुंडाळलेले होते. काकांनी एक गोळा हातावर घेऊन फोडला, आतला भुसा बोटांनी चुरून पाहिला आणि वास घेतला. "सुटली," ते म्हणाले. मी नाकातली नळी आणखी एकदा घातली, पाणी दिले, आणि पुढचे दोन दिवस भुसा बंद, हिरवा चारा थोडा-थोडा, चंदी अजिबात नाही, असे लिहून दिले. मिरवणुकीला ती जाणार नाही, हे सांगायची मला भीती वाटत होती, कारण त्या एका रात्रीच्या पैशावर त्या घराचे किती अवलंबून असते, ते मला ठाऊक आहे. मी काही बोलायच्या आधीच काका घेतलेला विसार परत करण्याविषयी काकूंशी बोलू लागले होते.

बुधवारी मी चांदणीला पाहून आले. गुरुवारी, २८ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीची मिरवणूक संध्याकाळी निघायची होती आणि टोंगलूला ड्रेसाजची वैयक्तिक अंतिम फेरी होती. तिथे संगीतावर सादरीकरण असते. अनुष आणि एट्रो यांना ७३.०३० टक्क्यांवर कांस्यपदक मिळाले, आणि एशियाडमध्ये ड्रेसाजचे वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. हृदय आणि एमराल्डही अंतिम फेरीत होते आणि त्या जोडीकडून फार आशा होती. त्यांचे सादरीकरण ग्राह्य धरले गेले नाही. घोड्याच्या पायावर रक्त दिसले होते, आणि जोडी बाद झाली. मी ती बातमी एका गोठ्यात, दुसऱ्याच जनावरापाशी उभी असताना वाचली, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. त्या मुलाच्या वाट्याला जे आले, त्यात दोष कोणाचाही नव्हता, आणि त्या नियमालाही माझा विरोध नाही. घोडा बोलू शकत नाही, म्हणून रक्त दिसले की थांबायचे, हा नियम घोड्याच्या बाजूचा आहे, आणि मी आयुष्यभर त्याच बाजूला उभी आहे.

संध्याकाळी सहाला काकांच्या घरून फोन आला. मला वाटले, घोडीला पुन्हा कळ आली. फोनवर मुलगी होती. "ताई, रक्ताचं वाचलं. हेच परवा, सांघिकच्या दिवशी झालं असतं, तर काय झालं असतं, ते मी काढून बघितलं." तिने कागदावरून वाचायला सुरुवात केली. हृदयचे ६९.९४१ काढले आणि त्या जागी सुदीप्तीचे ६६.७०६ घातले, तर बेरीज २०५.९७०. चीनचे २०४.८८२. "तरी आपलंच सुवर्ण." मग दिव्यकृतीच्या जागी घालून पाहिले, तर २०७.७३५, तरीही आपलेच. अनुषच्या जागी घातले, तर २०४.८२३, म्हणजे चीन आणि हाँगकाँगच्या मागे, कांस्य. "पण पदक होतंच ताई. आणि सुदीप्ती नसती तर कोणाच्याही जागी घालायला काहीच नव्हतं. संघच गेला असता."

मी तिला तो कागद जपून ठेवायला सांगितले. तिने हो म्हटले, मग आठवण झाल्यासारखे सांगितले, की चांदणीने सकाळपासून तीनदा लीद टाकली आहे, लीद नेहमीच्या रंगाची आहे, आणि ढोलांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिने कान टवकारले होते, पण खाणे थांबवले नाही.